बँड बंद झाला, फॅन चालूच आहे – आर.ई.एम.वाले कोण कोण आहेत इथे?

फोंड्याचा बेसिस्ट
सरळ मुद्द्यावर येतो. मी आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा फॅन. आमच्याकडे केबलवाल्याने स्टार टीव्ही दाखवायला सुरुवात केली आणि त्यातून एमटीव्ही घरात शिरला तेव्हापासूनचा. बाकीची पोरं गन्स अँड रोझेसच्या मागे, मी ह्यांच्या मागे लागलो तो आजतागायत. पंधराच्या पंधरा स्टुडिओ अल्बम घरात आहेत, काही कॅसेट, काही सीडी, काही दोन्ही.

बँड २१ सप्टेंबर २०११ ला बंद झाला. भांडणतंटा नाही, कोर्टकचेरी नाही, वेबसाइटवर छोटंसं निवेदन टाकलं आणि संपला विषय. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा, इज्जतीत थांबले, याला म्हणतात शहाणपण. मग जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सॉंगरायटर्स हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात चौघेही, १९९७ मध्ये बँड सोडून गेलेल्या ड्रमर बिल बेरीसकट, स्टेजवर आले आणि 'लूझिंग माय रिलिजन' वाजवलं. एकच गाणं. आणि तो व्हिडिओ बघून माझं सगळं तत्त्वज्ञान पाण्यात गेलं, आता मला नक्की काय हवंय तेच कळेना.

तर दोन प्रश्न. एक, त्यांनी परत यावं असं तुम्हाला वाटतं का? दोन, कट्टर फॅन म्हटलं की सगळंच्या सगळं आवडायलाच पाहिजे का? माझा भाचा म्हणतो, मामा तू फॅन नाहीस, तू त्या बँडचा वॉचमन आहेस.

अर्धवटराव
पहिला प्रतिसाद माझा! आर.ई.एम. म्हणजे झोपेत डोळे फिरतात ते ना? मला वाटलं आरोग्य विभागातला धागा चुकून इथे आला. हलके घ्या.

म्हापसेकरीण
@अर्धवटराव, ते नाव त्यांनी डिक्शनरीतूनच उचललंय, त्यामुळे तुमचा विनोद त्यांना आवडला असता.

बेसिस्टबाब, माझी सुरुवात पण त्याच गाण्याने. आमच्याकडे भाऊ व्हीसीआर लावून गाणी टेप करायचा आणि मध्ये जाहिरात आली की पॉझ दाबायचा. तो व्हिडिओ लागला की आजी सुद्धा बघायची. पंख लावलेला म्हातारा, निळी-सोनेरी माणसं, सगळे पोझ घेऊन उभे, आजीला वाटायचं काहीतरी देवाधर्माचं आहे. पुढे किती वर्षांनी कळलं की तो व्हिडिओ करणारा तरसेम सिंग आपला जालंधरचा! बँडचा गायक मायकल स्टाइपला साधा, बँड गातोय असा व्हिडिओ हवा होता आणि तरसेमला आपल्याकडच्या सिनेमासारखं नाट्यमय काहीतरी, मग दोन्ही मिसळलं. १९९१ च्या एमटीव्ही अवॉर्डमध्ये त्या एका व्हिडिओने सहा बक्षिसं नेली. म्हणजे आजीचं फार चुकलं नव्हतं, तिला त्यात आपल्या घरातलं कॅलेंडर दिसत होतं.

परत यावं का? नको. पण हे मी लिहितेय तेव्हा भाऊ शेजारी बसून "हो लिही, हो लिही" म्हणतोय.

घुमटवादक
मी जरा विरोधी बाजू मांडतो, राग मानू नका. मला हा बँड कधीच झेपला नाही. १९८३ चा पहिला अल्बम घ्या, मर्मर. तो माणूस काय गातो ते अमेरिकेतल्या लोकांनाही कळत नव्हतं म्हणे. तोंडात सुपारी ठेवून गातो की काय. आणि समीक्षकांना मात्र तोच आवडला, रोलिंग स्टोन मासिकाने त्या वर्षी मायकल जॅक्सनच्या थ्रिलरला बाजूला सारून ह्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम केलं. थ्रिलरला! मला तेव्हाच कळलं की ह्या लोकांचं आणि आपलं जमणार नाही.

फोंड्याचा बेसिस्ट
@घुमटवादक, शब्द कळत नाहीत हीच तर मजा आहे त्यात. माझं इंग्रजी तेव्हा मराठी मीडियमचं, मला तसेही कुठल्याच बँडचे शब्द कळत नव्हते. ह्यांच्या बाबतीत निदान सगळेच माझ्या लेव्हलला होते, खुद्द इंग्रजीवाले सुद्धा. आणि मग बेस ऐका ना, माइक मिल्स. गिटारवाला पीटर बक साध्या कॉर्डच्या तारा सुट्या सुट्या छेडत बसतो आणि खाली बेस स्वतःची वेगळी चाल गात असतो, वर परत तोच मिल्स मागून दुसरा सूर लावतो. मी बेस हातात घेतला तो त्याच्यामुळे. आमच्या भागात तेव्हा बेस वाजवणारे म्हणजे लग्नाच्या बँडमधले, ते मला विचारायचे की तू मूळ स्वर सोडून भलतीकडे का जातोस.

सासष्टीकर
मडगावहून हात वर. लग्नाच्या बँडमध्ये मी पण होतो, की-बोर्ड. बेसिस्ट, तुम्हाला विचारणारा तो मी नसेन अशी आशा.

मला ह्यांची गाण्यांपेक्षा एक गोष्ट जास्त ग्रेट वाटते. बेरी होता तोवर त्यांच्या स्वतःच्या सगळ्या गाण्यांवर चौघांचं नाव, बेरी, बक, मिल्स, स्टाइप, ए बी सी च्या क्रमाने, आणि पैसे सारखे चार भाग. चाल कोणीही आणो, शब्द तर जवळजवळ सगळे स्टाइपचेच, तरी हिस्सा सारखाच. आता आमच्या बँडचं सांगतो. आम्ही नऊ जण, ट्रम्पेटवाला म्हणायचा माझ्या आधी कोणाची ओळख आहे इथे, गायक म्हणायचा लोक मला बघायला येतात, आणि साउंडवाला म्हणायचा माझी गाडी नसेल तर तुम्ही नुवेच्या पुढे सुद्धा जाणार नाही. कार्निव्हलच्या सीझनला पैसे वाटायला बसलो आणि तिथेच बँड फुटला. त्यामुळे एकतीस वर्षं बँड टिकला हे ऐकल्यावर मला पहिली शंका हीच आली की हिशोब कोण ठेवत होतं.

अर्धवटराव
नऊ जणांच्या बँडमध्ये साउंडवाल्याचंच खरं होतं.

कुळागरवाला
वाळपईच्या बाजूला राहतो, नेटवर्क येतं-जातं त्यामुळे तुटक लिहिलं तर समजून घ्या.

माझा हिरो बिल बेरी. ड्रमर. १ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडला, लोझानमध्ये, कार्यक्रम चालू असताना मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, ऑपरेशन झालं, बरा झाला, टूर परत सुरू झाली. त्या टूरमध्ये मिल्सचं पोटाचं ऑपरेशन, स्टाइपचं हर्नियाचं, म्हणजे बक सोडून सगळे टेबलावर जाऊन आले. तरी टूर पुरी केली आणि वर त्याच टूरमध्ये साउंड चेकला, ड्रेसिंग रूममध्ये वाजवत रेकॉर्ड केलेली गाणी घेऊन १९९६ चा न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय काढला. माझ्या मते तोच सगळ्यात भारी. भांडायचं असेल तर या.

आणि मग १९९७ मध्ये बेरीने सांगितलं मी जातो. पण जाताना अट काय घातली, की माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही. असा माणूस. गेला आणि बँडच्या गावाजवळ, म्हणजे अमेरिकेतल्या अथेन्सजवळ, शेतात राहिला, चारा काढत होता म्हणे. माझे वडील वारले तेव्हा मी पण पणजीतली नोकरी सोडून इथे कुळागर बघायला आलो, सुपारी, केळी, थोडी मिरी. ऑफिसातले म्हणाले वेडा झालास. मी म्हटलं जगातल्या एवढ्या मोठ्या बँडचा ड्रमर शेतात जाऊ शकतो, मी तर अकाउंट्समध्ये होतो.

म्हापसेकरीण
@कुळागरवाला, हा प्रतिसाद मी भावाला मोठ्याने वाचून दाखवला.

पेडण्याची पोर
मी इथे सगळ्यात लहान असणार बहुतेक. मी त्यांना २०२३ मध्ये ऐकलं, एका अमेरिकन मालिकेत, हॉटेलच्या किचनवाली, त्यात त्यांचं मॉन्स्टर अल्बममधलं गाणं वाजतं. तेव्हा मला माहीतच नव्हतं की बँड बंद आहे. तीन आठवडे झपाटल्यासारखं ऐकलं आणि मग सर्च केलं की पुढचा अल्बम कधी येतोय 😭

तुम्ही लोक म्हणताय की थांबले ते चांगलं झालं. तुमचं ठीक आहे, तुम्ही प्रत्येक अल्बमची वाट बघितली, आला की दुकानात गेलात. मला सगळं एकदम मिळालं, एका रविवारी. वाट बघायलाच मिळाली नाही. त्यामुळे माझं मत हो, या बाबांनो परत, एकदा तरी.

सासष्टीकर
@पेडण्याची पोर, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता गो. आणि वाट बघण्यात फार काही रोमँटिक नव्हतं तसं, इंग्रजी कॅसेट शंभराच्या वर, दुकानदार म्हणायचा मुंबईहून आला की ठेवतो, आणि मग यायचा तो दुसऱ्याच कोणाचा तरी. पण तरीही.

दादरचा पावणा
गोव्यातल्या लोकांनी रॉकबद्दल बोलायचं म्हणजे आम्ही मुंबईवाल्यांनी गप्प बसावं. पण एक कळत नाही, तुमच्याकडे एवढा मोठा संगीताचा वारसा, चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकवायचे, हिंदी सिनेमाची अर्धी अधिक ऑर्केस्ट्रा तुमचे लोक, सेबॅस्टियन डिसोझा काय, अँथनी गोन्साल्विस काय. मग अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या चार पोरांचं एवढं काय?

म्हापसेकरीण
@दादरचा पावणा, मग दादरच्या लोकांनी फक्त नाट्यसंगीत ऐकावं का?

फोंड्याचा बेसिस्ट
त्यात एक गंमत आहे. आपल्या गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस, त्याने १९८४ ला गोअन क्रेझी हा अल्बम काढला तो शिवोलीच्या घरात बसून, सगळी वाद्यं स्वतःच वाजवून, आणि कॅसेटी स्कूटरवर टाकून दुकानांत वाटल्या. त्याच सुमाराला हे चौघे जुन्या व्हॅनमधून अमेरिकेतल्या छोट्या छोट्या क्लबांत वाजवत फिरत होते. मोठी कंपनी नाही, मोठं शहर नाही. त्यांचा पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० ला अथेन्समधल्या एका बंद पडलेल्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. मोठ्या शहरात न जाता आपल्या गावातूनच करायचं, हे ऐकलं की फोंड्यातल्या माणसाला आपलं वाटणारच. रेमो मला त्यांच्यामुळे जास्त कळला असं म्हटलं तरी चालेल.

घुमटवादक
रेमोला मध्ये आणलात म्हणजे मी हरलो असं नाही.

पण बेरीच्या मुद्द्यावर एक सांगावंसं वाटतं. आमच्या घुमटाला, म्हणजे मातीच्या मडक्याच्या तालवाद्याला, पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी, ते बरोबरच आहे, आता बकरीचं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं ते त्यानंतर. पण ज्याने जुनं ऐकलंय त्याला चवथीच्या आरतीत पहिल्या थापेला फरक कळतो. वाईट नाही, वेगळा. तुमच्या ह्या बँडचं ड्रमर गेल्यावर तेच झालं असणार.

कुळागरवाला
@घुमटवादक, झेपला नाही म्हणता आणि नेमकं बोट ठेवता! १९९८ चा अप हा अल्बम ऐका. ड्रमरच्या जागी ड्रम मशीन, कुठे कुठे तालच नाही. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्रा पण कुत्राच असतो, त्याला फक्त वेगळं पळायला शिकावं लागतं. मला अप आवडतो. पण मी तो बेरीची जागा रिकामी आहे हे मनात ठेवूनच ऐकतो. पुढे बिल रीफ्लिन आला, चांगला ड्रमर, २०२० मध्ये वारला बिचारा, पण बँडने त्याला चौथा मेंबर कधी केलं नाही.

सासष्टीकर
आता दुसऱ्या प्रश्नावर या. २००४ चा अल्बम, अराउंड द सन. कोणी बचाव करणार आहे का?

अर्धवटराव
(शांतता)

म्हापसेकरीण
मी करते. पहिलं गाणं चांगलं आहे.

सासष्टीकर
आणि?

म्हापसेकरीण
आणि कव्हर.

फोंड्याचा बेसिस्ट
खुद्द पीटर बकने नंतर सांगितलं की तो अल्बम ऐकवत नाही, कंटाळलेल्या माणसांनी वाजवल्यासारखा वाटतो. गिटारवालाच असं म्हणतोय तर आपण कशाला जीव काढायचा. पण एक बघा, त्याच्यानंतर त्यांनी काय केलं. २००७ मध्ये डब्लिनच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये पाच रात्री नवीन गाणी कच्चीच लोकांसमोर वाजवून बघितली, आणि त्यातून २००८ चा अ‍ॅक्सिलरेट आला, पस्तीस मिनिटांच्या आत संपणारा, जोरदार. म्हणजे वाईट अल्बमची लाज त्यांनाही वाटली. हे मला त्यांच्या चांगल्या अल्बमइतकंच आवडतं. भजनाला बसणारा माणूस एक रात्र बुवांचा आवाज बसला म्हणून उठून जात नाही, त्यातला मी.

घुमटवादक
बुवांचा आवाज बसला तर आम्ही दुसऱ्या बुवांना बसवतो. पण बरं.

पेडण्याची पोर
अराउंड द सन मला आवडतो 🙈 मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं की तो वाईट आहे. रात्री पेट्रोल पंपावरच्या शिफ्टला छान वाटतो, ट्रक थांबलेले असतात आणि कोणी बोलत नाही.

कुळागरवाला
हे बघा, हिला अल्बमबद्दलचा राग वारशात मिळालेला नाही. आपल्याला निम्मी मतं मासिकांनी दिलेली.

दादरचा पावणा
माझा प्रश्न परत. एवढं प्रेम करायचं तर चालू असलेल्या बँडवर करावं ना. तो बक आणि तो मिल्स आता काय करतात?

सासष्टीकर
बेसबॉलवर गाणी करतात. खरंच. द बेसबॉल प्रोजेक्ट नावाचा बँड आहे, त्यात दोघेही. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही तरी सगळं ऐकलंय. काही लोक क्रिकेटवर गाणी करतील तर आपण ऐकणार नाही, पण बेसबॉल चालतं, असं आहे ते.

अर्धवटराव
पुढे कोणीतरी फुटबॉलवर करा. सासष्टी विकत घेईल.

म्हापसेकरीण
मूळ प्रश्नाला परत येते कारण भाऊ झोपला, आता माझं मत मला मोकळेपणी लिहिता येईल.

त्या २०२४ च्या कार्यक्रमाच्या आसपास टीव्हीवर चौघांची मुलाखत झाली. त्यांना विचारलं की परत एकत्र यायला काय लागेल, तर मिल्स म्हणाला, धूमकेतू. चौघेही हसले. मला ते हसणं फार आवडलं. जे एकमेकांना टाळतात ते तसे हसत नाहीत. आपल्याकडे किती नाटक कंपन्या, किती भजनी मंडळं फुटली आणि मग चुलतभाऊ देवळात सुद्धा एकमेकांकडे बघत नाहीत. हे चौघे बँड मोडून मित्र राहिले. टूर काढली, दोन-दोन वर्षं बसमध्ये बसले, तर ते पण जाईल कदाचित. मला गाणी आहेत तेवढी पुरतात. मला ती मैत्री मोडलेली बघायची नाही. म्हणून नको.

पेडण्याची पोर
ताई, पटलं. पण मला तरी पाहिजे 😅

फोंड्याचा बेसिस्ट
@म्हापसेकरीण, तुमचं वाचून माझा गोंधळ कमी नाही झाला, वाढला. पण माझं उत्तर आता असं आहे की टूर नको, नवीन अल्बम नको, पण अधूनमधून असं एकेक गाणं, कोणाच्या तरी कार्यक्रमात, न सांगता. ते चालेल. हावरेपणा वाटला तर वाटू दे.

कुळागरवाला
टूर नको असं म्हणणाऱ्यांपैकी तिकीट पहिलं कोण काढणार ते मला माहीत आहे.

पेडण्याची पोर
एक विचारू? सीडी ऐकायची आहे. आजोबांचा प्लेयर दुरुस्त करून घेतला मी, पण त्यांच्याकडे फक्त अभंग आणि एक विंडोजची सीडी आहे. कोणाकडे जास्तीची असेल तर? विकत घेईन.

घुमटवादक
विंडोजची सीडी लावू नकोस, आवाज भयंकर येतो. अभंग लाव.

सासष्टीकर
माझ्याकडे मॉन्स्टरच्या दोन आहेत, जगात सगळ्यांकडेच मॉन्स्टरच्या दोन असतात. एक तुला. पैसे नकोत. पणजीला कदंबा स्टँडवर शनिवारी सकाळी येतो मी, डिचोलीची बस लागते तिथे उभा असेन, निळी छत्री. ऑटोमॅटिक फॉर द पीपल मागू नकोस, ती माझी आहे, आणि कुळागरवाले न्यू अ‍ॅडव्हेंचर्स देणार नाहीत हे त्यांच्या वरच्या प्रतिसादावरूनच दिसतंय.

कुळागरवाला
देणार नाही. ऐकायला या, सुपारी सोलायला पण लागेल.